बुधवार डिचोलीचा, गुरुवार पेडण्याचा

सोमवारी साखळी, मंगळवारी वाळपई, बुधवारी डिचोली, गुरुवारी पेडणे, शुक्रवारी म्हापसा. उत्तर गोव्यात फिरून धंदा करणाऱ्याचा आठवडा हा असा असतो. कापडाचे गठ्ठे, प्लॅस्टिकच्या बादल्या, मसाल्याच्या पुड्या किंवा सुक्या मासळीच्या टोपल्या टेंपोत भरून तो पहाटे निघतो, उन्हे डोक्यावर येईपर्यंत निम्मा माल खपवतो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात तीच ताडपत्री पसरतो. तेरेखोल नदी ओलांडली की हीच साखळी पुढे चालू राहते: सोमवारी बांदा, मंगळवारी सावंतवाडी. शेजारशेजारचे दोन मोठे बाजार सहसा एका दिवशी भरत नाहीत. त्यामुळे विकणाऱ्याला रोज गिऱ्हाईक मिळते, आणि घेणाऱ्याला आठवड्यातून एकदा तरी घराजवळ भरलेला बाजार मिळतो.

वारांची ही वाटणी सहज झालेली दिसते, पण तिच्यामागे चालण्याचे गणित आहे. इंग्लंडच्या ग्रामीण परगण्यांत हे गणित कायद्याच्या पुस्तकात लिहून ठेवलेले सापडते. तेराव्या शतकातील न्यायपंडित हेन्री द ब्रॅक्टन याच्या नावावर असलेल्या ग्रंथात म्हटले आहे, की जुन्या बाजारापासून पावणेसात मैलांच्या आत नवा बाजार भरवला तर तो जुन्याला उपद्रव ठरतो. कारण सरळ होते. माणूस दिवसाला २० मैल चालतो असे धरायचे आणि त्याचे तीन भाग करायचे. एक भाग जाण्याचा, एक भाग खरेदी-विक्रीचा, एक भाग अंधार पडायच्या आत घरी परतण्याचा. २० मैलांचा तिसरा हिस्सा म्हणजे पावणेसात मैलांना थोडा कमी, सुमारे पावणेअकरा किलोमीटर. अशा बाजारांना राजाची सनद लागे. श्रॉपशायर परगण्यातल्या मार्केट ड्रेटन या गावाला ती १२४५ मध्ये मिळाली, आणि तिथला बुधवारचा बाजार अजून भरतो.

गोव्यात असा कायदा नव्हता, पण पायांचा हिशेब तोच होता. साखळीहून डिचोली आठ-दहा किलोमीटर, साखळीहून वाळपई त्याहून थोडी अधिक. डिचोली आणि पेडणे ही दोन्ही गावे म्हापशापासून १५ ते २० किलोमीटरच्या टप्प्यात येतात, म्हणजे डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईला म्हापसा गाठायचा तर पहाटेच्या काळोखात निघावे लागे. पेडण्याच्या वाटेत शापोरा नदीही आडवी. म्हणूनच पेडण्याला स्वतःचा गुरुवार हवा होता आणि डिचोलीला स्वतःचा बुधवार.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ विल्यम स्किनर याने चीनच्या सेचुआन प्रांतातील बाजारांचा अभ्यास करून १९६४-६५ मध्ये एक गाजलेली लेखमाला लिहिली. तिथले बाजार दहा दिवसांच्या चक्रात भरत. एका गावी १, ४, ७ या तिथींना, शेजारच्या गावी २, ५, ८ या तिथींना. त्याचे म्हणणे असे, की शेतकऱ्याचे जग त्याच्या गावाच्या वेशीपाशी संपत नाही, ते त्याच्या बाजाराच्या हद्दीपर्यंत पसरलेले असते. सोयरीक तिथे जुळते, उधारी तिथे होते, बातमी तिथे कळते. पेडणे महालातल्या कुणालाही हे ती लेखमाला न वाचता पटेल. तोर्से-मोप्याच्या घरात बांदा-सावंतवाडीकडची सून असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. डिचोलीकडच्या कित्येक घरांचे सोयरे दोडामार्गाच्या बाजूला सापडतात.

या नात्याला इतिहास आहे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे महाल सोळाव्या शतकात पोर्तुगिजांकडे गेले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे मात्र सावंतवाडीकर भोसल्यांकडे होते. डिचोली आणि सत्तरी १७८० च्या दशकाच्या आरंभी पोर्तुगिजांच्या हाती पडली, पेडणे १७८८ च्या तहाने गेले. या भागाला त्यांनी नव्या काबिजादी म्हटले. राज्य बदलले तरी माल पूर्वीच्याच वाटांनी चालत राहिला. घाटावरून धान्य, गूळ, मिरची उतरे. किनाऱ्यावरून मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर चढे. चोर्ला घाटाच्या पायथ्याच्या बाजूला असलेली साखळी आणि नदीकाठची डिचोली ही गावे याच येण्याजाण्यावर वाढली.

या वाटा एकदाच खऱ्या अर्थाने तुटल्या. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगीज सैनिकांनी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. पोर्तुगीज सरकारने बटाटे हॉलंडहून, सिमेंट जपानहून आणि चहा सिलोनहून आणून बाजार भरता ठेवला. पेडण्याच्या माणसाला हाकेच्या अंतरावरचा बांद्याचा बाजार परदेशी झाला, आणि त्याच्या ताटात समुद्रापलीकडचा बटाटा आला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर ही सीमा पुसली गेली. आज गोव्याचा बराचसा भाजीपाला बेळगावहून येतो, आणि तो रोखला जाण्याची कल्पनाही कुणाला करवत नाही.

पेडण्याचा गुरुवार पाहायचा तर सकाळी लवकर गेले पाहिजे. दुकानांच्या रांगा रोजच्याच. खरा बाजार रस्त्याच्या कडेला, पायरीपाशी, झाडाच्या सावलीत जमिनीवर बसतो. समोर गोणपाट अंथरलेले, त्यावर चार पेंड्या तांबडी भाजी, दोन फणे केळी, पाच-सहा नारळ, एका वाटीत लिंबे. वजनकाटा असतोच असे नाही. मासळी आणि भाजी वाट्याने जाते. ‘वाटो कितल्याक गे?’ असा प्रश्न येतो, भाव सांगितला जातो, थोडी घासाघीस होते आणि शेवटी वाट्यावर दोन बांगडे किंवा चार मिरच्या जास्त पडतात. जुन्या पिढीच्या तोंडी धान्यासाठी अजून कुडव आणि खंडी ही मापे येतात. २० कुडवांची एक खंडी. नारळ शेकड्यावर, पालेभाजी पेंडीवर.

माल पाहून महिना सांगता येतो. हिवाळ्यात वायंगणाच्या शेतातली तांबडी भाजी, मुळा, वाल, अळसांदे. मार्चपासून काजू. पेडणे, डिचोली आणि सत्तरीच्या डोंगरउतारांवर काजूच्या बागा आहेत. बोंडांचा रस उतरून हुर्राक आणि फेणी होते, बिया विक्रीला जातात. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बी खरेदी करणाऱ्यांत खासगी व्यापारी आहेत, तशीच फोंड्यात मुख्य कचेरी असलेली गोवा बागायतदार सहकारी खरेदी विक्री संस्थाही आहे. ही संस्था सुपारी, नारळ आणि काजू घेते आणि किराणा बाजारही चालवते. बागायतदाराने माल घालायचा आणि त्याच संस्थेच्या बाजारातून घरचे सामान न्यायचे, ही सोय गोव्यात चांगली रुजली. खेड्यात गावच्या दुकानदाराकडे बिया घालून त्यावर तांदूळ-साखर नेण्याची रीतही जुनी आहे.

एप्रिल-मे म्हणजे आगोट. ख्रिस्ती घरांत तिला पुरुमेंत म्हणतात. पावसाचे चार महिने घराबाहेर पडणे अवघड, नद्या भरलेल्या, होड्या किनाऱ्याला लागलेल्या. तेव्हा सगळी बेगमी आधी करायची. यांत्रिक मासेमारी आजही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते, त्यामुळे आगोटीची खरेदी निव्वळ आठवण म्हणून उरलेली नाही. सुके बांगडे, सुकट, गालमो, आमसुले, चिंचेचे गोळे, मीठ आणि वर्षभराची मिरची. मिरचीत पेडण्याचे नाव मोठे, कारण हरमलची मिरची याच तालुक्यातली. तिलाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मीठ आगरवाड्याच्या मिठागरांतले. हे जाडे, किंचित मळकट दिसणारे मीठ मासळी खारवायला आणि माडाच्या मुळाशी घालायला लोक मुद्दाम शोधतात. पिशवीबंद पांढऱ्या मिठाने स्वयंपाकघर जिंकले, पण माडाला आणि बांगड्याला अजून आगरातलेच मीठ लागते.

पाऊस सुरू झाला की बाजाराचा रंग एका आठवड्यात पालटतो. तायकिळा, अळू, फागला, सड्यावरच्या मळ्यातली काकडी, दोडकी आणि लांबलचक सात शिरांची भेंडी. डिचोली-सत्तरीच्या बाजूने येणारी अळमी हा या दिवसांतला सर्वांत महाग माल. वारुळावर, म्हणजे रोयणीवर, उगवणारी ही रानअळंबी पानांत बांधून मोजून विकतात. मागणी वाढली तशी ती जंगलातून ओरबाडली जाऊ लागली. अळंबी आणि वाळवी एकमेकांच्या आधाराने जगतात. वारूळ उकरले तर पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही. अभयारण्यातून अळमी काढू नयेत, असे वनखाते दरवर्षी बजावते. गिऱ्हाइकानेही हे मनावर घ्यायला हवे. वेळेआधी आलेल्या, न उमललेल्या कळ्यांना पैसे मोजणे म्हणजे पुढच्या पावसाळ्याची अळमी आजच खाऊन टाकणे आहे.

आणि मग चवथ. गणपतीच्या आधीचे तीन-चार दिवस डिचोली, साखळी, पेडणे आणि म्हापसा इथे माटोळीचा बाजार भरतो. गोव्याबाहेरच्या वाचकाला याची कल्पना येणे कठीण. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली व परसातली फळे, फुले, कंद, पाने बांधतात. तीच माटोळी; सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात. त्यासाठी सुपारीचे आणि नारळाचे घड, तोरिंजन, चिबूड, कांगले, कौंडाळ, घागऱ्या, शेरवड, हरणे असे कितीतरी जिन्नस लागतात. यातले बरेच कुठल्याही शेतात पिकत नाहीत. त्यांना रानातून आणावे लागते, आणि ते कुठे, कुठल्या ओहोळाच्या काठाला मिळतात हे ठाऊक असलेल्या बायाच ते आणू शकतात. डिचोली आणि सत्तरीच्या डोंगरगावांतून त्या आदल्या रात्री किंवा पहाटे येतात. कौंडाळ लाल आणि डोळ्यांत भरणारे, पण कडू. ते खाण्यासाठी कुणी घेत नाही, देवासाठी घेतात. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने या बाजारात एक सकाळ घालवावी. वर्गात आठवडाभर शिकून कळणार नाही इतके रान तिथे जमिनीवर मांडलेले असते, आणि प्रत्येक फळाचे नाव सांगणारी बाई समोर बसलेली असते. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते हे चांगलेच आहे. पण स्पर्धेतली माटोळी या बायांच्या टोपलीतून येते, आणि त्यांना बसायला कोरडी जागा आणि वर छप्पर मिळावे एवढी तरी तजवीज चवथीच्या पावसात व्हायला हवी.

डिचोलीचा बुधवार पेडण्याच्या गुरुवारापेक्षा वेगळा, कारण डिचोली हे कारागिरांचे गाव. इथल्या कुंभारांची कुंडली, बुडकुली, पणत्या आणि तुळशीवृंदावने नावाजलेली. तालुक्यातल्या कासारपाल गावाच्या नावातच कासार आहेत, आणि कासारांची कुलदेवता मानली जाणारी कालिकादेवी तिथेच आहे. बाजारात सुपे, रोवळ्या, टोपल्या, कोयते, नारळ खवायच्या आदोळ्या अजून मिळतात. स्टील आणि प्लॅस्टिकने यातले पुष्कळ गिळले, तरी मासळीचे हुमण मातीच्या कुंडल्यातच करायचे असा हट्ट धरणारी घरे आहेत. त्या हट्टावर कुंभाराचा चुलीचा खर्च निघतो. मूर्ती आणि पणत्यांचे दोन महिने सोडले तर बाकीचे वर्ष त्यांना फारच ओढाताणीचे जाते.

या गावाच्या बाजाराने लोहखनिजाचा पैसाही पाहिला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून शिरगाव, मये, पिसुर्ले या पट्ट्यात खाणी वाढल्या, ट्रक आले, गॅरेजे आली, खानावळी आल्या. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. पुन्हा सुरू होऊन १६ मार्च २०१८ पासून परत बंद पडल्या. ट्रकाचे हप्ते थकले की सर्वांत आधी कापडाच्या आणि सोन्याच्या दुकानात शुकशुकाट होतो; डिचोलीने आणि साखळीने हे दोनदा भोगले. २०२४ मध्ये डिचोलीचा खाणपट्टा नव्या लिलावानंतर पुन्हा चालू झाला. भाजीची टोपली घेऊन बसणारी बाई मात्र या सगळ्या वर्षांत बुधवार चुकली नाही. खाणीचा पैसा बाजाराला चढवतो आणि पाडतो. परसातला माल त्याला दर आठवड्याला उभा ठेवतो.

वारांच्या बाजाराला देवाच्या बाजाराची जोड आहे. कोजागिरीला पेडण्याची पुनव, डिचोलीचा नवा सोमवार, वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावच्या लईराईची जत्रा. शिरगावला मोगऱ्याच्या कळ्यांचे ढीग आणि धोंडांच्या, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्तांच्या, वेताच्या काठ्या. प्रत्येक जत्रेला खाजे. बेसनाच्या कांड्यांवर आले आणि गूळ चढवलेला हा खाऊ जत्रेहून घरी नेलाच पाहिजे असा दंडक आहे, आणि त्यालाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ईस्टरनंतर सुमारे दोन आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारी म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीचे फेस्त असते. लोकश्रद्धेत ही लईराईची बहीण. तिच्या फेस्ताच्या बाजारात हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरांची आगोट एकाच ठिकाणी खरेदी होते.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पेडणे फार बदलले. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यांवर पर्यटक आले आणि त्यांच्यामागून दूरदूरच्या राज्यांतले विक्रेते आले. मोरजीत रशियन भाषेतल्या पाट्या लागल्या. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. किनाऱ्यावरची भाड्याची दुकाने वाढली, पण तिथे विकले जाणारे कपडे आणि मण्यांच्या माळा पेडण्यात तयार होत नाहीत. दुसरीकडे गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाचे भाजीचे गाडे गावोगाव उभे राहिले. अनुदानामुळे तिथे भाजी स्वस्त मिळते, महामंडळ स्थानिक शेतकऱ्यांकडूनही माल घेते. नोकरदार घरांची रोजची गरज या गाड्यांनी भागवली, आणि हे काम चांगलेच आहे. मात्र तायकिळा, कौंडाळ, अळमी, परसातली केळी आणि घरचे मीठ गाड्यावर मिळत नाही. त्यासाठी गुरुवारच लागतो.

म्हणून आठवड्याच्या बाजाराची कसोटी एकच धरावी: एका टोपलीपुरता माल आणणाऱ्या माणसाला तिथे बसायला जागा आहे का? बऱ्याच ठिकाणी ही जागा आक्रसत चालली आहे. टेंपो भरून माल आणणारा पहाटे लांबच्या लांब ताडपत्री पसरतो, आणि पहिल्या बसने आलेली म्हातारी रस्त्याच्या कडेला, वाहनांच्या चाकांपाशी टोपली ठेवते. जागेचा सोपो, म्हणजे बाजारात बसण्याचा कर, दोघांनाही भरावा लागतो. दोनशे रुपयांची भाजी आणणाऱ्या बाईला सोपो हा तिच्या दिवसाच्या कमाईचा मोठा हिस्सा असतो. पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा २०१४ चा कायदा नगर पथविक्रेता समितीची तरतूद करतो. तिचा उपयोग करून पेडणे, डिचोली आणि साखळीच्या पालिकांनी बाजारातली सर्वांत जवळची, सावलीची जागा घरचा माल आणणाऱ्यांसाठी आखून ठेवावी, आणि टोपलीवाल्यांचा सोपो माफ करावा. पालिकेच्या तिजोरीला त्याने फरक पडणार नाही.

वाचकांनीही आपला वाटा उचलावा. पेडणे किंवा डिचोली जवळ असेल तर गुरुवारी वा बुधवारी दहाच्या आत बाजार गाठा, सुटे पैसे आणि कापडी पिशवी सोबत न्या, आणि दुकानांच्या रांगेत शिरण्याआधी जमिनीवर बसलेल्यांकडून घ्या. दहा वाजल्यानंतर चांगली भाजी संपलेली असते.